वॉल्टर साहेबांची अमानत

मी एक जुनी, वाकडी झालेली गळाची काठी आहे. दोह्यातल्या फरीज बिन ओमरान भागात एक तीन मजली इमारत आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावर, लोखंडी कपाटाच्या डोक्यावर माझा मुक्काम असतो. माझ्या एका बाजूला बंद पडलेला व्हीसीआर आहे आणि दुसऱ्या बाजूला गावाहून आलेल्या कुळिथाच्या पिठाचा डबा आहे. शेजार वाईट नाही. पण मित्रांनो, माझा जन्म काही कपाटावर पडून राहण्यासाठी झाला नव्हता.

काठी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर गुरे हाकायची काठी येईल. मी तशातली नाही, आणि याचा मला थोडा तोराही आहे. माझा बांबू चीनचा आणि जन्म कॅनडातला. तिथल्या एका लहान गावात एक सुतार होता. त्याने बांबू उभा चिरला, लांबच लांब पट्ट्या काढल्या, त्या रंधून त्रिकोणी केल्या आणि सहा-सहा पट्ट्या सरसाने एकमेकींना चिकटवल्या. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडे उकळून केलेला जुन्या पद्धतीचा गोंद. अशा तीन भागांची मी, पितळी नळ्यांनी जोडली जाणारी. जोडल्यावर दोन माणसांच्या उंचीएवढी होत नसले, तरी दीड माणसाएवढी नक्कीच. सुताराने माझ्यावर रेशमी दोऱ्याचे वेढे घेतले आणि वरून वॉर्निश लावले. एवढे सगळे केले, पण सरस मात्र साधाच वापरला. ही सरसाची गोष्ट तेवढी लक्षात ठेवा.

त्या गावाजवळून एक नदी वाहायची. तिला नाव होते, पण गावातले लोक तिला नुसते नदीच म्हणत. तिच्या थंड पाण्यात ब्रूक ट्राउट नावाचा मासा असतो. पाठ हिरवी, अंगावर लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती निळे कडे. पानगळ जवळ आली, झाडांची पाने तांबडी झाली की या माशाचे पोटही नारिंगी होते. त्याला गांडूळ दाखवून पकडायचे नाही, असा त्या सुताराचा नेम होता. पिसे, केस आणि रेशीम गुंडाळून तो एक खोटी माशी करायचा. त्या माशीला वजन नसते. वजन दोरीला असते, आणि ती दोरी हवेत मागे-पुढे झुलवून लांब पाण्यावर हलकेच ठेवायची, हे माझे काम. खरी माशी टेकली असे माशाला वाटले पाहिजे. मासा हातात आला की त्याला क्षणभर बघायचे आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे. मला तर त्या सोडण्याचेच जास्त सुख वाटायचे.

सुतार म्हातारा होऊन गेला आणि मी त्याच्या मुलाकडे आले. तेच वॉल्टर साहेब. ते इंजिनिअर होते. १९९६ साली ते कतारमध्ये मेसईदच्या एका खताच्या कारखान्यात नोकरीला आले आणि येताना मला घेऊन आले. मित्रांनो, जिथे एकही नदी नाही अशा देशात मला आणायची या माणसाला काय बुद्धी झाली, असे मला तेव्हा वाटले. चोहीकडे वाळू, धुराडी आणि खारे पाणी. साहेबांना खाऱ्या पाण्यात मला बुडवायचे नव्हते. म्हणून ते कंपनीच्या कॉलनीतल्या फुटबॉलच्या मैदानावर जायचे आणि गवतावर दोरी टाकत बसायचे. पाण्याचा थेंब नाही, मासा नाही, आणि एक पन्नाशीचा गोरा माणूस हवेत काठी हलवतोय. बसचे ड्रायव्हर खिडकीतून बघून हसायचे.

एक माणूस मात्र हसला नाही. तो म्हणजे युसुफ. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातला, कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. वयाने तिशीचा, बोलायला कमी, हाताने फार नेटका. त्याची पाळी तीनला संपायची आणि दोह्याला जाणारी कंपनीची बस पाचला सुटायची. मधले दोन तास बाकीचे लोक डुलक्या काढायचे. युसुफ मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला. पहिल्या दिवशी बघितले, दुसऱ्या दिवशी बघितले, तिसऱ्या दिवशी जवळ येऊन म्हणाला, "सर, यू थ्रो टू फास्ट." खाडीत गळ टाकून वाढलेला माणूस तो. साहेब थांबले, त्याच्याकडे नीट बघितले आणि मला त्याच्या हातात दिले.

त्या हाताची मला आजही आठवण येते, रोज तोच हात कपाट उघडतो तरीसुद्धा. त्याने मला जोर लावला नाही. दोरी मागे गेली, तो थांबला, ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबला आणि मग मला पुढे आणले. गवतावर दोरी अशी टेकली की एक पातेही हलले नाही. साहेब दोरी टेकली तिथपर्यंत चालत गेले. मग ते म्हणाले की त्यांच्या वडिलांनंतर असे थांबणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

पुढची पाच वर्षे माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे. हिवाळ्यात, ऊन निवले की दोघे मैदानावर असायचे. साहेब नदीबद्दल बोलायचे. कुठला दगड, कुठला डोह, कुठल्या वळणावर लाकडी पूल आहे, ते सगळे युसुफला पाठ झाले होते. युसुफने माशी करायलाही शिकून घेतले. त्याची बायको तय्यबा घरी शिवणकाम करायची. तिच्या ओढणीचे उरलेले नारिंगी रेशीम आणि बकरी ईदच्या बोकडाचे तपकिरी केस घेऊन त्याने त्याची पहिली माशी बांधली. साहेबांनी ती तळहातावर घेतली आणि म्हणाले, ही मी नदीसाठी ठेवणार. त्यांनी ती खरेच एका पत्र्याच्या डबीत ठेवली.

आता त्या सरसाबद्दल सांगते. १९९८ च्या जुलैत युसुफ महिनाभर गावी गेला होता. साहेब मला गाडीच्या डिकीत विसरले. दुपारी डिकी उघडली तर माझा सरस वितळून पट्ट्या सुटलेल्या. मला वाटले, संपले. साहेब मात्र मोठ्याने हसले. "अगेन?" एवढेच म्हणाले. कारण मित्रांनो, ही काही पहिली वेळ नव्हती. कॅनडातही एकदा शेकोटीजवळ ठेवल्यामुळे मी अशीच सुटले होते. साहेबांनी मला घरी नेले, जुना सरस कोमट पाण्याने पुसून काढला, नवा लावला, सुतळीने करकचून बांधले आणि सावलीत टांगून ठेवले. चार दिवसांत मी पुन्हा सरळ उभी. युसुफ गावाहून परत आला तेव्हा त्याला काही कळलेही नाही, आणि साहेबांनाही ते सांगण्यासारखे वाटले नाही.

२००१ मध्ये साहेबांची बायको तिकडे आजारी पडली. दोन दिवसांत निघायची वेळ आली. सामान बांधायलाही फुरसत नव्हती. साहेबांनी मला कापडी पिशवीत घातले आणि युसुफच्या हातात देऊन म्हणाले, "पुढच्या एखाद्या सप्टेंबरात तू माझ्या नदीवर ये. ही तूच घेऊन ये. तोवर तुझ्याजवळ राहू दे." युसुफने मला दोन्ही हातांनी घेतले.

घरी आल्यावर त्याने तय्यबाला एकच शब्द सांगितला, "अमानत." दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. ती जशी घेतली तशीच परत द्यायची असते. त्या शब्दाने मी कपाटात गेले. अत्तराच्या कुप्या, पासपोर्ट आणि कुराण ज्या कप्प्यात होते, त्याच्या मागे मला उभे केले. युसुफने मैदानावर जाणे सोडले. दुसऱ्याची वस्तू वापरून झिजवायची कशी, असे त्याला वाटायचे. मला मात्र हात हवा होता, हवा हवी होती. पण काठीला कोण विचारतो.

दर ऑक्टोबरला साहेबांचे पत्र यायचे. या वर्षी पाणी कमी होते, या वर्षी पुलाची एक फळी बदलली, बायको गेली, आता मी एकटाच नदीवर जातो, तू कधी येतोस. युसुफची वर्षाची रजा कधी बहिणीच्या लग्नात गेली, कधी आईच्या ऑपरेशनमध्ये. शेवटी २००५ साली साहेबांनी लिहिले की त्यांचे हृदय आता नीट चालत नाही, डॉक्टर अजून एखादी पानगळ म्हणतात, तर यंदा ये. युसुफने ते पत्र दोनदा वाचले आणि दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज दिला. रजा मंजूर झाली. पासपोर्टवर कॅनडाच्या व्हिसाचा शिक्का पडला. सप्टेंबरच्या दहा तारखेचे तिकीट आले. मित्रांनो, माझ्या अंगातल्या सगळ्या पट्ट्यांना नदीचा वास यायला लागला होता.

आणि मग जूनचा महिना उजाडला.

कोकणात पावसाच्या आधी घरातल्या सगळ्या वस्तूंना ऊन दाखवतात. गोधड्या, मसाले, सुकट, आमसुले, पुस्तके, लाकडी पेट्या, टोपल्या. दिवसभर उन्हात ठेवायचे म्हणजे चार महिने बुरशी लागत नाही, कीड लागत नाही. तय्यबा दर सुट्टीत मुलीला घेऊन गावी जायची, आणि जाण्याआधी दोह्यातल्या घरातल्या वस्तूंनाही तसेच ऊन दाखवायची. इथे पाऊस पडत नाही, ओल नाही, बुरशी नाही, हे तिला माहीत नव्हते असे नाही. पण आईने आणि आजीने हाताला लावलेली सवय ती. त्या वर्षी तिच्या मनात आले की नवऱ्याबरोबर एवढ्या लांब जाणारी ही काठी, हिलाही जरा तेल-ऊन द्यावे. तिने मला पिशवीतून काढले, खोबरेल तेलाने प्रेमाने चोळले आणि गच्चीवर नेऊन पाण्याच्या टाकीवरच्या पत्र्यावर आडवे ठेवले. सकाळचे नऊ वाजले होते. कोकणातल्यासारखेच, उतरत्या उन्हात काढीन म्हणाली.

दोह्याचे जूनमधले ऊन म्हणजे काय ते ज्याने त्या पत्र्यावर बोट ठेवले त्यालाच कळेल. अकराच्या सुमाराला माझा सरस मऊ पडला. बारा वाजता पट्ट्या एकमेकींपासून सुटल्या. मी ओरडू शकत नव्हते. दुपार ढळल्यावर, अस्रच्या नमाजानंतर तय्यबा वर आली तेव्हा पत्र्यावर सुटलेल्या कामट्यांचा पसारा होता. ती तिथेच, तापलेल्या गच्चीवर खाली बसली. तिने एकेक पट्टी ओढणीत गोळा केली.

संध्याकाळी युसुफ कंपनीच्या बसने घरी आला. तय्यबाने ओढणी त्याच्यासमोर उघडली. तो बघत राहिला. रागावला असता तर बरे झाले असते. त्याने पाण्याचा ग्लासही घेतला नाही.

"मी ऊन दाखवला," तय्यबा म्हणाली. "गावाला दाखवतो तसा. मना वाटला, बरा होयल."

"दुसऱ्याची अमानत होती ती," युसुफ हळूच म्हणाला.

त्यांची मुलगी शफा दहा वर्षांची होती. मराठी सगळे कळायचे, पण उत्तर इंग्रजीतच द्यायची. तिने एक पट्टी उचलून तिच्या कडेला बोट लावले. बोटाला चिकट लागले. "अब्बा, इट्स ओन्ली ग्लू," ती म्हणाली.

"तुला नाय कळायचा ता," युसुफ म्हणाला.

मित्रांनो, त्या घरात त्या घटकेला खरे बोलणारी एकटी ती पोर होती. आणि खरे जाणणारी एकटी मी.

पुढच्या शुक्रवारी युसुफने मला जोडायला घेतले. पण लाज मनात असली की नेटका हातही चुकतो. साहेबांना कळू नये म्हणून त्याने कारखान्यात पाइपांना लावतात तो कडक गोंद आणला, जो दगडासारखा होतो. त्याने घाई केली, आणि मी वाळले ती वाकडी. आता मला सरळही करता येईना आणि सोडवताही येईना. युसुफ मला खिडकीच्या उजेडात धरून एका डोळ्याने बघायचा आणि पुन्हा ठेवून द्यायचा. त्याची भूक गेली. तय्यबाने त्या वर्षी गावाला जायचे रद्द केले.

ऑगस्टच्या शेवटी तय्यबा त्याच्यासमोर येऊन बसली. "तुमी जावा," ती म्हणाली. "माझा नाव सांगा. बायकोच्या हातून झाला म्हनून सांगा. ते मानूस काय बोलायचे नाहीत."

"बोलायचे नाहीत, म्हनूनच," युसुफ म्हणाला. "काय तोंड घेऊन जाऊ? बापाच्या हातची वस्तू त्यांची."

सप्टेंबरच्या दोन तारखेला त्याने फोन लावला. मी कपाटात, दार उघडे, सगळे ऐकत होते. साहेबांचा आवाज माझ्यापर्यंत पोचत नव्हता. युसुफ तेवढा बोलत होता. "सर, लीव्ह इज कॅन्सल्ड." मग तिकडचे ऐकून, "देअर इज शटडाउन, सर, इन प्लांट." शटडाउन म्हणजे कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवायचा, तेव्हा कुणालाच रजा नसते. "येस सर. नेक्स्ट इयर. इन्शाल्ला." त्याने फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पाच वेळा नमाज पढणारा, आयुष्यात खोटे न बोललेला माणूस तो. त्याने तिकीटही परत केले. माझ्या मनात एकच होते, अरे, मला घेऊन जा. कशीही घेऊन जा.

पुढची पानगळ वॉल्टर साहेबांनी पाहिली नाही. जानेवारीत ते गेले. ते युसुफला कळले एप्रिलमध्ये, त्यांच्या मुलीने पाठवलेल्या पार्सलमधून.

पार्सलमध्ये ती पत्र्याची डबी होती आणि एक पत्र होते. साहेबांनी दवाखान्यातून मुलीला सांगून लिहून घेतलेले. युसुफने चष्मा लावला, दोन ओळी वाचल्या आणि कागद शफाकडे दिला. त्याला पुढचे दिसत नव्हते. शफा इंग्रजीत वाचू लागली. तय्यबा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला इंग्रजी येत नव्हते.

"अम्मीला आपल्या भाषेत सांग," युसुफ म्हणाला.

शफा अडखळली. जन्मात पहिल्यांदाच तिला कुणी असे काम दिले होते. ती एकेक शब्द शोधून बोलू लागली. "ते म्हणतात, मी सप्टेंबरमध्ये रोज पुलावर जाऊन बसलो. मला माहीत होतं तू येणार नाही, तरी बसलो. तू केलेली माशी मी दोरीला बांधली. एक मोठा मासा आला. नारिंगी पोटाचा. मी त्याला सोडून दिलं. तुझ्या नावानं सोडलं."

तिने श्वास घेतला. "मग ते काठीचं लिहितात. म्हणतात, निघताना मी एक सांगायला विसरलो. तिचा ग्लू गरमीत सुटतो. नेहमी सुटतो. माझ्या हातून पण दोनदा सुटला. तिकडच्या उन्हात तुझ्याकडे पण सुटला असेल. तर काळजी करू नको. साधा सरस लाव, सुतळीनं बांध, सावलीत ठेव." कागदावर खाली अजून एक ओळ होती. शफाने ती मनात वाचली आणि थांबली.

"सांग," युसुफ म्हणाला.

"ते म्हणतात, मला काठी परत नको होती. ती तर मी तुला तेव्हाच दिली होती. मला तुझ्याबरोबर नदीवर उभं राहायचं होतं."

खाली बकालासमोर, म्हणजे वाण्याच्या दुकानासमोर, एक गाडी हॉर्न वाजवत होती. तय्यबा पुढे आली, कपाट उघडले आणि मला बाहेर काढले. दहा महिने तिने माझ्याकडे नजर वर करून बघितले नव्हते. तिने माझ्या वाकड्या अंगावरून हात फिरवला.

"म्हंजी माझ्या हातून काय मोडलाच नव्हता?" तिने विचारले.

"नाय," युसुफ म्हणाला. "मोडला तो माझ्याच हातून."

मग तो रडला. मोठा माणूस, मुलीसमोर, तोंडही न झाकता. तय्यबाने मला बाजूला ठेवले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ती डबी उघडीच होती. तिच्यात नारिंगी रेशमाची ती एकच माशी होती, माशाच्या दातांनी विस्कटलेली, बोकडाचे केस अर्धे गेलेली.

त्याला आता तीन वर्षे झाली. तेव्हापासून मी कपाटाच्या आत नसते, वर असते, कारण आता लपवायचे काही उरले नाही. दर वर्षी ऑक्टोबरात युसुफ मला खाली काढतो, बसमधून मेसईदला नेतो आणि पाळी संपल्यावर त्या फुटबॉलच्या मैदानावर उभा राहतो. मी वाकडी, त्यामुळे दोरी डावीकडे जाते. तो ती सरळ करायचा प्रयत्न करत नाही. दोरी मागे जाते, तो थांबतो, पूर्ण सरळ होईपर्यंत थांबतो. ड्रायव्हर अजूनही हसतात. त्याच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी असते, आणि ती तो मोकळीच ठेवतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगताना शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला फार जपले गेले. त्या जपण्यातच माझी नदी गेली आणि युसुफचा मित्र गेला. कधी तुमच्या हातून कुणाची वस्तू मोडली, तर ती लपवायला बसू नका. तोंड लपवायलाही बसू नका. ज्याची आहे त्याच्याकडे जा, जशी आहे तशी घेऊन जा. तो वस्तूची वाट बघत नसतो.

त्या सप्टेंबरात युसुफने माझ्या सुटलेल्या पट्ट्या तय्यबाच्या त्याच ओढणीत बांधून नेल्या असत्या, तर पुलावर बसलेला तो म्हातारा माणूस मोठ्याने हसला असता आणि म्हणाला असता, "अगेन?" मी मोळी होऊन गेले असते, मित्रांनो. सरपणाच्या मोळीसारखी गेले असते, तरी चालले असते.